एकोणतीस सत्ते दोनशे चार

घाटाला अजून डांबर लागलं नव्हतं, आणि वर गेलेला माणूस खाली येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा, त्या काळातली ही हकिकत. वाघजळी हे गाव तेव्हाही असंच डोंगराच्या पोटाला चिकटून होतं. वर घाट, खाली ओढा आणि मधे मूठभर घरं. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं असं उतरायचं, की आपल्याच हातातला तांब्या आपल्याला दिसायचा नाही.

त्या गावात तान्हूबाई नावाची बाई होती. नवरा लवकर गेला. मागं एकच मुलगा, निवृत्ती. तान्हूबाईने लोकांची दळणं दळून त्याला वाढवलं. तो आधी तालुक्याच्या शाळेत गेला, मग पुण्याच्या कॉलेजात गेला, आणि एक दिवस बी.ए. होऊन परत आला. असं म्हणतात, की त्या दिवशी गावातले म्हातारे त्याच्याभोवती फिरून त्याला पुढून-मागून न्याहाळत होते. शेवटी धोंडीआबा म्हणाला, "तान्हू, पोरगं तर गेलं तसंच आलंय की. बी.ए. नेमकं कुठं झालंय?"

कचेरीतली नोकरी निवृत्तीला सहज मिळाली असती. बोलावणंही आलं होतं. पण त्याने गावची शाळा मागून घेतली. म्हणाला, साहेबाच्या खुर्चीमागं उभं राहण्यापेक्षा पोरांच्या पुढं उभा राहतो. तेव्हापासून तो निवृत्ती मास्तर झाला.

मास्तर हाडाचा शिक्षक होता आणि स्वभावाने भांडखोर होता. चुकीचं काही कानावर आलं की त्याला गप्प बसवत नसे. मामलेदार चुकला तर मामलेदाराला सांगायचा, पाटील चुकला तर पाटलाला सांगायचा. आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर वाघजळीचा एकोणतीसचा पाढा आला.

पोरं एका सुरात म्हणत होती. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सहापर्यंत सगळं ठीक चाललं. मग सगळा वर्ग छाती काढून म्हणाला, "एकोणतीस सत्ते दोनशे चार!" आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या दोनशे बत्तीसला लागला.

मास्तरने पाढा थांबवला. "दोनशे तीन," तो म्हणाला.

पोरं त्याच्याकडे दयेने बघायला लागली.

ही चूक कुणी, केव्हा केली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांचे बाप दोनशे चार म्हणत होते, आजेही दोनशे चारच म्हणत होते. आजूबाजूच्या गावांत दोनशे तीन म्हणतात हे वाघजळीला माहीत होतं. ते आपले अडाणी आहेत, एवढंच त्यावर वाघजळीचं म्हणणं होतं. मास्तरने एके दिवशी पारावर सगळ्या म्हाताऱ्यांना बसवलं. त्यांच्यासमोर एकोणतीस-एकोणतीस चिंचोक्यांच्या सात राशी मांडल्या आणि एकेक चिंचोका उचलून मोजायला लावला. दोनशे तीनच भरले. मग धोंडीआबा खाकरला. "एखादा चिंचोका कुणीतरी खाल्ला असंल," तो म्हणाला, आणि सभा उठली.

पुढं काही वर्षं हे भांडण चाललं. वर्गात मास्तर उभा असला की पोरं दोनशे तीन म्हणायची. तो दारापलीकडे गेला की दोनशे चार. गुरं वळताना दोनशे चार, ओढ्यात डुंबताना दोनशे चार. मास्तर चिडायचा, छडी आपटायचा, डोक्याला हात लावायचा. पण त्याच्या तोंडून दोनशे चार कधी आलं नाही. थट्टेतही नाही, पोरांची नक्कल करतानासुद्धा नाही. गावात कुणाचा हट्ट सांगायचा झाला तर लोक म्हणायचे, "मास्तर दोनशे चार म्हणंल, पण हा ऐकायचा न्हाई." बाकी मास्तर आणि पोरं यांचं मात्र मेतकूट जमलं होतं. दहा गावांत जे कुठं झालं नाही ते वाघजळीत झालं. गावातल्या झाडून सगळ्या पोरांना लिहिता-वाचता यायला लागलं.

आणि तेच गावाच्या अंगाशी आलं.

जगात मोठी लढाई पेटली. ती कुणी पेटवली, कशासाठी पेटवली, वाघजळीला कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. पण माणसं वाघजळीचीच हवी होती. रंगराव पाटलाने दवंडी पिटली, चावडीपुढं ढोल वाजवले, भरतीच्या साहेबाला कोंबडं खाऊ घातलं. साहेबाला लिहिता-वाचता येणारी पोरं पाहिजे होती. निरोप वाचायचे, नकाशे बघायचे, तारा जोडायच्या, असली कामं होती. दुसऱ्या गावांतली पुष्कळ पोरं अंगठा उठवून माघारी आली. वाघजळीची पोरं सही करून अडकली. पाटलाला साहेबाच्या हातून जरीचा फेटा मिळाला.

म्हादू लोहाराची आई रखमा भर रस्त्यात मास्तरच्या पुढं उभी राहिली. "मास्तर, लई चांगलं केलंत," ती म्हणाली. "अक्षर शिकवलं नसतं तर माझा म्हादू आज भाता ओढत घरी बसला असता."

मास्तर तसाच मागं फिरला. तो घरी आला. तान्हूबाई जात्यावर बसली होती. तिने त्याचा चेहरा बघितला आणि जात्याचा खुंटा सोडला.

"आई, वर्ग चाललाय," तो म्हणाला. "मास्तर मागं राहून काय करील?"

"तू गेल्यावर शाळा?"

"तू उघड रोज."

"मला मेलीला ग म भ न येत न्हाई."

"दार तर उघडता येतं."

भरतीचा साहेब त्याला बघून हसला, असं म्हणतात. बी.ए. झालेला माणूस साधा शिपाई कशाला होतोय, हेच त्याला कळेना. त्याने कारकुनाची जागा पुढं केली, मागच्या तळावरची, सावलीतली. मास्तर म्हणाला, जिथं माझी पोरं तिथं मी. शेवटी साहेबाने हात झटकले. वाघजळीची पोरं पुढं आणि मास्तर मागं, अशी रांग घाट चढून गेली.

तान्हूबाई रोज सकाळी शाळेचं दार उघडायला लागली. झाडायची, आठवड्याला सारवायची, फळा ओल्या फडक्याने पुसायची, आणि संध्याकाळी दार लावून यायची. आत कुणी नसायचं. लोक म्हणायचे, बाई शहाणी आहे, पण तिला दाराचं वेड लागलंय.

लढाई लांबली. पोरं ब्रह्मदेशाच्या वेशीवर, कुठल्याशा डोंगरात आहेत एवढं कळलं. आधी पत्रं यायची, मग पत्रं थांबली. मग चावडीवर सरकारी कागद आला, की मास्तर आणि वाघजळीची सगळी पोरं बेपत्ता आहेत. घराघरांत चुली थंड पडल्या. बेपत्ता म्हणजे मेली का जगली, हे कागद सांगत नव्हता. पाटलाने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला.

त्यानंतर पाडळीचा हणमा परतला.

पाडळी हे शेजारचं गाव. हणमा त्याच डोंगरात, पण दुसऱ्या तुकडीत लढत होता, आणि एक पाय तिथंच ठेवून आला होता. बाजाराच्या दिवशी चहाच्या पालाखाली बसून त्याने सांगितलं, की तिकडं जपानी फार हिकमती. धुक्यात किंवा झाडीत लपून आपल्या माणसांना नावाने हाका मारायचे. कैद केलेल्यांकडून नावं काढून घ्यायचे. हाक ऐकून गेला तो गेला. "आणि एक सांगतो," हणमा म्हणाला. "एका पहाटं समोरच्या डोंगरावरनं, जपान्यांच्या बाजूनं, मला मराठी आवाज आला. वाघजळीच्या मास्तरचा आवाज. पाडळीच्या जत्रेत त्याचं भाषण ऐकलंय मी. मी चुकायचा न्हाई. आपल्या पोरांना बोलावत हुता."

ही बातमी हणमाच्या आधी वाघजळीत पोचली. रंगराव पाटलाचा जरीचा फेटा त्या दिवसांत फार जड झाला होता. ज्यांची पोरं गेली ते बाप पाटलाकडे रोखून बघत होते. आता पाटलाला जागा सापडली. चावडीवर उभा राहून तो म्हणाला, "फितूर निघाला मास्तर! जपान्याला मिळाला आणि आपली पोरं त्याच्या तोंडात दिली. भांडखोर होताच तो. सरकारशी भांडायचा, माझ्याशी भांडायचा. आता कळलं का?"

दुःखाला कुणावर तरी ओरडायचं असतं. गावाला मास्तर सापडला, आणि मास्तर हाताला लागत नव्हता म्हणून त्याची आई सापडली. तान्हूबाईला गावाने वाळीत टाकलं. तिला कुणी विस्तव देईना. दळणं बंद झाली. पाणवठ्यावर ती आली की बायका आपल्या घागरी मागं घ्यायच्या, आणि एके दिवशी रखमाने तिची घागरच ओढ्यात लोटून दिली. तेव्हापासून तान्हूबाई वरच्या झऱ्यावरून, अर्धा डोंगर चढून पाणी आणायची. ती मुकाट्याने सगळं सोसत होती. पण शाळेचं दार रोज उघडत होती.

फितूर हा शब्द मात्र तिच्या घशाखाली उतरेना. एके दिवशी ती पायी पाडळीला गेली आणि हणमाच्या दारात बसली.

"तू ऐकलास त्यो आवाज," ती म्हणाली, "काय म्हणत हुता?"

हणमाला तिची दया आली. "जाऊ द्या ना काकी."

"काय म्हणत हुता? नावं घेत हुता का?"

"नावं न्हाई. पाढा म्हणत हुता. एकोणतीसचा."

तान्हूबाई पुढं सरकली. "साताला काय म्हणाला?"

हणमा आठवून हसला. "त्याचंच मला नवल वाटलं. बी.ए. झालेला माणूस, आणि पाढा चुकला. दोनशे चार म्हणाला."

असं म्हणतात, की तान्हूबाई तिथंच उठून उभी राहिली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी घरी येऊन दोनशे चारच्या नावाने बोटं मोडणारा मुलगा तिने ऐकला होता. तिला जीव गेला तरी पटलं नसतं, की निवृत्ती असं म्हणेल.

ती तडक वाघजळीच्या चावडीवर आली. बाईने चावडी चढायची नाही हा रिवाज होता. ती चढली. "माझा निवृत्ती नव्हं त्यो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "साताला दोनशे चार म्हणाला म्हणं. माझं लेकरू मरंल, पण दोनशे चार म्हणायचं न्हाई. तुमाला समद्यांना ठावं हाय."

चावडीवर चुळबूळ झाली. कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. धोंडीआबाने मान डोलावली. म्हणाला, "बाई बोलतीया त्यात तथ्य हाय."

पण रंगराव पाटील हसला. "अरे, उलटं झालं की हे!" तो म्हणाला. "दोनशे चार जगात कोण म्हणतं? पाडळी म्हणती? सातारा म्हणतो? दोनशे चार म्हणणारा माणूस वाघजळीचाच असला पाहिजे. आणि मास्तरचा आवाज हणमानं ओळखलाय. बाईनंच फितुरी शाबीत केली!"

चावडी पुन्हा बदलली. तान्हूबाई उभी होती तिथं खाली बसली. जे तिने पोराला सोडवायला आणलं होतं, त्यानेच पोरगा पुरता बांधला गेला. धोंडीआबा एवढंच म्हणाला, "दोनशे चार बरोबरच हाय म्हणा," पण ते कुणाच्या कामाचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात धुकं असं पडलं, की तसं आधी कुणी पाहिलं नव्हतं. सूर्य वर आला तरी गाव पांढरं. तान्हूबाई नेहमीसारखी शाळेत गेली, दार उघडलं, केरसुणी हातात घेतली. आणि घाटाच्या अंगाने तिला आवाज आला.

एकोणतीस एके एकोणतीस.

एक नव्हे, पुष्कळ गळ्यांचा आवाज. जाड, घोगरे, बाप्यांचे गळे, पण सूर शाळेतल्या पोरांचा. आवाज घाटाच्या एकेका वळणाने खाली येत होता. गावाची दारं उघडली. बायका हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. चोक झालं, पाचे झालं, सक झालं. मग सगळे गळे एकदम वर चढले.

"एकोणतीस सत्ते दोनशे चार!"

रखमाने किंकाळी फोडली. "माझा म्हादू हाय त्यात!"

धुक्यातून आधी काठ्या दिसल्या, मग टोप्या, मग माणसं. कुणी लंगडत होतं, कुणाचा हात गळ्यात होता, सगळ्यांच्या अंगावर हिवतापाची पिवळी कळा होती. पण वाघजळीतून चढून गेलेली पोरं वाघजळीत उतरत होती. आया त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, बाप लांब उभे राहून उपरण्याने डोळे पुसत होते, आणि धोंडीआबा जो समोर येईल त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता.

तान्हूबाई शाळेच्या दारातच उभी होती. केरसुणी तिच्या हातात तशीच. गर्दीतून म्हादू लोहार तिच्याकडे आला आणि तिच्या पायांवर पडला. तिने त्याच्या मागं बघितलं. मागून आणखी कुणी येत नव्हतं. तिला कळायचं ते कळलं. तरी तिने विचारलं ते असं :

"सगळे आले का?"

"आम्ही सगळे आलो, काकी," म्हादू म्हणाला. "मास्तरांनी आणलं."

मग शाळेच्या पायरीवर बसून म्हादूने जे सांगितलं, ते वाघजळीत आजही तसंच सांगतात.

ती पोरं एका सुळक्यावर पहाऱ्यावर होती. खाली दरी, दरीपलीकडे आपली छावणी. दुपारी हुकूम सुटला, की मागं फिरा. पण तारा तुटल्या होत्या. वर निरोप पोचला नाही. बाकीचे मागं आले आणि ही पोरं वरच राहिली, चहूबाजूंनी जपानी. छावणीत मास्तरला हे कळलं. अधिकारी म्हणाला, आता तिकडे कुणी जायचं नाही, ते गेले असं समजा. मास्तर म्हणाला, "माझा वर्ग वर आहे." आणि निघाला. तो दरी उतरला, ओढ्यापाशी पोचला, आणि तिथं त्याला गोळी लागली. दोघा सोबत्यांनी त्याला ओढत मागं आणलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

वर पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहाट झाली, धुकं दाटलं. आणि धुक्यातून नावाने हाका सुरू झाल्या. म्हादू, ये. दगडू, ये. पोरांनी एकमेकांची तोंडं दाबून धरली. जपान्यांची हिकमत त्यांना माहीत होती.

मग हाका थांबल्या आणि दुसऱ्याच बाजूने एक आवाज आला. तो पाढा म्हणत होता. एकोणतीस एके एकोणतीस. पोरांनी कान टवकारले. आवाज मास्तरांचाच. साताला आवाज स्वच्छ म्हणाला, दोनशे तीन. दगडू उठायला लागला. म्हादूने त्याला खाली दाबलं. "येडा हाईस का? दोनशे तीन सगळा मुलूख म्हणतोय. जपान्यानं कुणाही मराठी माणसाला पकडून म्हणायला लावलं असंल." दगडू म्हणाला, "आवाज तर त्यांचा हाय." म्हादू म्हणाला, "आवाजावर बाकीचे गेले, ते परत आले न्हाईत."

कुणी हललं नाही. धुक्यात आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. असं म्हणतात, की त्या वेळात मास्तर स्वतःशी भांडत होता, आणि ते त्याच्या सगळ्या भांडणांतलं सर्वांत मोठं भांडण होतं.

मग पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आवाज सहावर आला, जरासा अडखळला, आणि म्हणाला :

"एकोणतीस सत्ते दोनशे चार."

"आम्ही हसलो, काकी," म्हादू म्हणाला. "चारी बाजूंनी मरण, आणि आम्ही तोंडात टोप्या कोंबून हसलो. दगडू म्हणाला, 'मास्तर मरंल पण असं म्हणायचा न्हाई.' मी म्हणालो, 'वाघजळीबाहेर हे कुणाला ठावं न्हाई. आणि आपण सगळे हितं बसलोय. मग ऱ्हायलं कोण?' आणि आम्ही उठलो."

ते आवाजामागं निघाले. आवाज चार हातांवर, पण माणूस दिसायचा नाही. ज्या दिशेने आकडा यायचा तिथं पाय टाकला की खाली दगड लागायचा, आणि इकडेतिकडे जरा सरकलं तर पोकळी. एकेक आकडा धरून ते कडा उतरले, जशी काही शिडीच. काही जण तर सांगतात, की साताशी एक फट होती आणि तिथं एक पाऊल जास्त टाकावं लागलं. दोनशे तीनच्या हिशोबाने चाललेला दरीत गेला असता. खरं-खोटं डोंगराला ठाऊक. ओढा ओलांडल्यावर धुकं विरलं आणि समोर आपली छावणी दिसली. पहारेकऱ्याला म्हादूने विचारलं, मास्तर कुठं गेले? आत्ता आमच्यापुढं होते. पहारेकऱ्याने झाडाखाली बोट दाखवलं. तिथं कांबळ्याखाली मास्तर निजला होता, काल संध्याकाळपासून.

पोरांनी त्याला तिथंच माती दिली. मग सगळ्यांना हिवतापाने गाठलं आणि कुठल्या कुठल्या इस्पितळांतून महिनोन् महिने फिरवलं. त्यांनी पत्रं टाकली होती, पण वाघजळीपर्यंत एकही पोचलं नाही. लढाईत कागदांचं असंच व्हायचं. मास्तर दरीत उतरला तेव्हाच त्याचं आणि पोरांचं नाव घालून सुटलेला बेपत्ताचा कागद तेवढा बरोबर पोचला.

म्हादूचं सांगून झालं. तान्हूबाई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजी त्यो माझाच निवृत्ती हुता."

"व्हय काकी."

"आणि दोनशे चार म्हणाला?"

"म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

तान्हूबाई हसली. रडलीही, पण आधी हसली, असं म्हणतात. केरसुणी खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरून गेल्यासारखं दिसलं, असं ज्यांनी बघितलं ते सांगायचे. पोरगा गेला होता. पण तो कुठं आणि कुणासाठी गेला हे आता तिच्या हातात होतं, आणि ते कुणाला हिसकावून घेता येणार नव्हतं.

रंगराव पाटील झेंडूची माळ घेऊन आला. पोरांच्या स्वागताला केलेली माळ तो तान्हूबाईच्या गळ्यात घालायला पुढं झाला. म्हणाला, "मास्तरच्या नावाची कमान बांधू, मी स्वतः साहेबाला सांगतो."

"माळ ऱ्हाऊ द्या पाटील," तान्हूबाई म्हणाली. "डोंगर चढून माझं गुडघं गेलं. मला आधी खालच्या पाण्यावर जाऊ द्या."

तेव्हा रखमा पुढं आली. तान्हूबाईच्या घरात शिरली, रिकामी घागर उचलली आणि ओढ्याकडे निघाली. तिच्यामागं दुसरी बाई निघाली, तिसरी निघाली. त्या दिवशी तान्हूबाईच्या ओट्यावर इतक्या घागरी येऊन बसल्या, की तिला आत जायला वाट उरली नाही. ती बाहेरच बसली, आणि आलेल्या प्रत्येक पोराला तिने आपल्या हाताने पाणी पाजलं. पाटील माळ घेऊन मागं सरला. मग त्याने ती शाळेच्या कडीला अडकवली आणि फेटा काढून काखेत मारला. पुन्हा तो त्याने कधी बांधला नाही.

मास्तरचं नाव कुठल्याच शिळेवर आलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या नाहीत. पाटलाची कमानही झाली नाही, ते बरंच झालं. वाघजळीला त्याची गरज पडली नाही.

आता घाटाला डांबर आहे. तरी धुकं उतरलं की शाळेतली पोरं पारावर उभी राहतात आणि रानातलं शेवटचं माणूस घरी येईपर्यंत एकोणतीसचा पाढा म्हणतात. साताला काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. परीक्षेत दोनशे तीन लिहितात, धुक्यात दोनशे चार म्हणतात, आणि यात काही वावगं आहे असं गावातल्या कुणाला वाटत नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब यावरून फार रागावले. तेव्हाचे मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, धुकं पडेपर्यंत थांबा. मग तुम्हीच सांगा कुठला बरोबर."

तान्हूबाई जाऊनही फार दिवस झाले. घर पडलं, ओटा तेवढा राहिला. गावाने तो राखला आहे, दर पंधरवड्याला कुणीतरी सारवतं. वाघजळीची पोरं आजही फौजेत जातात. सुट्टीवर आलेला जवान घाट उतरला की आधी आपल्या घरी जात नाही. तो त्या ओट्यावर बसतो. त्याची आई तिथंच येऊन उभी राहते, पण तिने आधी बोलायचं नाही. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई तांब्याभर पाणी घेऊन येते आणि विचारते, "सगळे आले का?"

कुणी मागं राहिलं असेल तर तो त्याचं नाव सांगतो आणि तो कसा राहिला ते सांगतो. तो सांगेपर्यंत गाव त्या माणसाविषयी बरं किंवा वाईट एक शब्द बोलत नाही. मास्तरच्या नावाने गावाने तशी आण घेतली आहे.

आणि सगळे आले असतील, तर तो म्हणतो, "आले." बाई त्याच्या हातात पाणी देते. तो पितो. मग त्याची आई त्याला घरी घेऊन जाते.